प्रेक्षागृहातून प्रेक्षकाची हकालपट्टी

बंद पडलेले नाट्यगृह, टाळे लागलेले एकपडदा सिनेमागृह, छप्पर गळणारे नगरपालिकेचे सभागृह, भोंगा मुका झालेली गिरणी यांचे काय करायचे, या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर मिळते. तिथे चित्रीकरणाचा स्टुडिओ काढा, गुंतवणूकदाराला करात सवलत द्या, मालिका आणि वेब-मालिका आपोआप येतील, गावातल्या पोरांना काम मिळेल. हे उत्तर देणाऱ्यांत पुढारी आहेत आणि जागांचे व्यवहार करणारे आहेत हे समजण्यासारखे आहे. आमच्या व्यवसायातले, म्हणजे मराठी साहित्य शिकवून पगार घेणारे काही जणही त्यात आहेत, ही गोष्ट आम्हाला अधिक खटकते. 'निदान कलेच्याच कामी तर जागा येते आहे ना!' असा त्यांचा युक्तिवाद असतो. आमचा विरोध नेमका या 'निदान'ला आहे. सार्वजनिक प्रेक्षागृहाचा स्टुडिओ करणे म्हणजे एका कलेची जागा दुसऱ्या कलेला देणे नव्हे. एका जागेतून प्रेक्षक नावाच्या माणसाला कायमचे बाहेर काढणे, असा त्याचा अर्थ आहे.

प्रथम भाषेकडे पाहू, कारण तो आमचा धंदा आहे. 'नाट्यगृह बंद पडले' असे आपण म्हणतो. पडणे हे अकर्मक क्रियापद. पाऊस पडतो, पान पडते, दात पडतो; कर्ता शोधण्याची गरज उरत नाही. पण एका कान्याने 'पाडले' होते आणि लगेच विचारावे लागते, कुणी? एखाद्या सभागृहाची विजेची थकबाकी वाढू दिली जाते, स्वच्छतागृहाची दुरुस्ती दर अंदाजपत्रकात पुढे ढकलली जाते, भाडे लग्नसमारंभाच्या हिशेबाने वाढवले जाते, हौशी नाट्यसंस्था तारीख मागायला येते तेव्हा 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असे सांगितले जाते. चारपाच वर्षे हे चालले की फिरकणारे फिरकेनासे होतात आणि मग अहवालात लिहिले जाते की, जागेला मागणी नाही. 'वापरात नसलेली मालमत्ता' हा शब्दप्रयोग अशा रीतीने घडवला जातो. साहित्याचा विद्यार्थी कथेतल्या निवेदकावर अविश्वास दाखवायला शिकतो. तीच सवय त्याने सरकारी टिपणीच्या बाबतीत वापरली तर अभ्यासक्रमाचे सार्थक होईल.

करसवलत हा शब्दही असाच सोज्वळ चेहऱ्याचा आहे. तिने काय घडते याचा एक पुरा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे. करमणूक शुल्काचा मुंबई इलाख्याचा कायदा १९२३चा. स्वातंत्र्यानंतरही तो चालू राहिला आणि चित्रपटाच्या तिकिटावर या राज्यात कर जबर होता. २००१मध्ये राज्याने मल्टिप्लेक्स धोरण आणले. नव्या बहुपडदा संकुलांना पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ, पुढची दोन वर्षे फक्त पाव हिस्सा. त्याच रस्त्यावरचे जुने एकपडदा सिनेमागृह मात्र पूर्ण शुल्क भरत होते. म्हणजे स्पर्धा दोन व्यावसायिकांत नव्हतीच; एका बाजूला व्यावसायिक होता आणि दुसऱ्या बाजूला व्यावसायिक अधिक शासन. जुनी चित्रपटगृहे केवळ या कारणाने बंद पडली असे आम्ही म्हणणार नाही. दूरचित्रवाणी होती, व्हिडिओ होता, मालकांच्या वाटण्या होत्या, मोडक्या खुर्च्या आणि ढेकूणही होते. पण ज्या करामुळे पुढच्या रांगेतले स्वस्त तिकीटही महाग होत होते तो कर महागड्या तिकिटाला माफ करण्यात आला, हे कोणत्या न्यायाने झाले, याचे उत्तर कुणी दिलेले नाही. हमाल, रिक्षावाला, कॉलेजचा पोरगा आणि शेतमजूर ज्या अंधारात एकत्र बसत होते तो अंधार गेला. त्याची बेरीज कोणत्या खात्यात धरायची?

१ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि करमणूक शुल्क त्यात विरघळले. तेव्हापासून 'टॅक्स फ्री' या घोषणेचा अर्थही बदलला. राज्य फार तर आपल्या वाट्याचा राज्य वस्तू व सेवा कर परत करू शकते. केंद्राचा वाटा सोडणे त्याच्या हाती नाही. म्हणून आता सवलतीची भाषा दुसरीकडे वळली आहे: जमिनीचे नाममात्र भाडे, मुद्रांक शुल्कात सूट, विजेच्या दरात सूट, मालमत्ता करात सूट. यातले शेवटचे नीट लक्षात घ्यावे. मालमत्ता कर नगरपालिकेचा असतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे यांपलीकडे फैजपूरसारख्या नगरपालिकेच्या हाती स्वतःचे असे उत्पन्न काय असते? घोषणा मुंबईत होते, टाळ्या मुंबईत पडतात आणि खड्डा यावल तालुक्यातल्या अंदाजपत्रकाला पडतो.

करामागचा हेतू वाईटच असतो असेही नाही. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर नाही. ही सवलत थेट प्रेक्षकाच्या हातात पडते, तिने खुर्ची स्वस्त होते. स्टुडिओला दिलेल्या सवलतीत खुर्चीच नाही.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे हे आपण वर्गात सांगतो. विकृष्ट, चतुरस्र, त्र्यस्र हे प्रकार फळ्यावर लिहितो आणि परीक्षेला टीप विचारून मोकळे होतो. पण त्या अध्यायातले मापन पाहण्यासारखे आहे. चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद अशा मध्यम विकृष्ट गृहाचे आधी दोन समान भाग करायचे आणि त्यातला अर्धा प्रेक्षकांना द्यायचा. रंगशीर्ष, रंगपीठ, नेपथ्यगृह हे सगळे उरलेल्या अर्ध्यात. बांधकामाच्या आधी, दोरी धरण्याच्या क्षणीच पाहणाऱ्याचा हक्क जमिनीवर आखला जातो. स्टुडिओच्या आराखड्यात हा अर्धा भाग शून्य असतो. तिथे पाहणारा असतो तो यंत्राच्या डोळ्याआड, आणि प्रत्यक्ष माणूस पाहायला आला तर त्याला अडवण्यासाठी दारावर पहारेकरी नेमलेला असतो. यात स्टुडिओचा दोष नाही. चित्रीकरणाला शांतता लागते, गुप्तता लागते, वेळेचा पैसा असतो. दोष आहे तो 'कला ती कला' म्हणत अर्धी जमीन गिळून टाकणाऱ्या आमच्या सरसकटपणाचा. मुंबईच्या विकास नियमांत सिनेमागृह पाडून नवे बांधकाम करताना तिथे काही प्रमाणात प्रेक्षागृह ठेवण्याची अट घातली गेली, तीत भरताचा विचार नकळत का होईना शिल्लक होता. बिल्डर मंडळींना ती अट जाचक वाटते यात नवल नाही.

आता कोल्हापूरला जाऊ. या विषयावर बोलताना कोल्हापूर टाळणे म्हणजे ज्ञानेश्वरीवर बोलताना आळंदी टाळणे. त्या एका शहरात या प्रश्नाची तिन्ही रूपे उभी आहेत. १९३३च्या सुमारास राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभा राहिला. पुढे तो भालजी पेंढारकरांकडे आला आणि जयप्रभा स्टुडिओ झाला. १९४८मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला, भालजींनी तो कर्ज काढून पुन्हा उभा केला, आणि १९५९मध्ये तो लता मंगेशकरांच्या मालकीचा झाला. चित्रीकरणे थांबली, जागेचा भाव वाढत गेला, आणि २०२२मध्ये स्टुडिओची विक्री झाल्याचे उघड झाले तेव्हा कोल्हापूरचे कलावंत आणि तंत्रज्ञ रस्त्यावर आले, उपोषणाला बसले. संस्थानी आश्रयाने, म्हणजे शेवटी रयतेच्याच पैशाच्या आधाराने जन्मलेली वास्तू तीन पिढ्यांत भूखंड होते. मधल्या प्रत्येक टप्प्यावर व्यवहार कायदेशीर असू शकतो आणि तरीही शेवटी शहराच्या हाती फलक धरण्यापलीकडे काही उरत नाही.

दुसरे रूप मोरेवाडीच्या चित्रनगरीचे. गोरेगावची चित्रनगरी १९७७मध्ये झाली. मागोमाग, १९८०च्या दशकात, कोल्हापूरलाही शासनाची चित्रनगरी झाली. जागा होती, डोंगर होता, परंपरा होती, चित्रपटांत काम केलेले कारागीर त्याच शहरात जिवंत होते. तरीही ती कित्येक वर्षे ओस पडून राहिली. अलीकडच्या दशकात तिच्यावर पुन्हा खर्च झाला, सेट उभे राहिले, मालिकांची चित्रीकरणे होऊ लागली. ही चांगली गोष्ट आहे. पण ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, जिथे १९२९मध्ये प्रभात कंपनी सुरू झाली, त्या शहरात शासकीय स्टुडिओ चालायला जर इतकी वर्षे लागत असतील, तर मुंबईपासून चारशे किलोमीटरहून दूर तापीकाठी तो पहिल्या दिवसापासून गजबजेल असे सांगणाऱ्याने हिशेबाचा कागद दाखवावा. रामटेकला चित्रनगरीची घोषणा आहे, इगतपुरी परिसरातही आहे. प्रत्येक विभागाला एक चित्रनगरी ही कल्पना प्रत्येक विभागाला एक विमानतळ या कल्पनेसारखी आहे. धावपट्टी होते, विमान येत नाही.

तिसरे रूप आम्हाला सर्वांत बोलके वाटते. शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधले. ते १९१५मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याला केशवराव भोसले नाट्यगृह हे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झाले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरकर तिथे जमले, माणसे रडली. राखेचा ढीग म्हणजे खऱ्या अर्थाने 'वापरात नसलेली वास्तू'. स्टुडिओवाल्यांच्या तर्कशास्त्राप्रमाणे यापेक्षा मोकळी जागा कोणती? पण शहराची मागणी एकच होती: जसे होते तसे नाट्यगृह परत बांधा. शासनालाही पुनर्बांधणीचीच घोषणा करावी लागली. स्वतःच्या चित्रपट-परंपरेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या गावाने नाट्यगृहाच्या बदल्यात स्टुडिओ मागितला नाही, याची नोंद घ्यावी.

परदेशातली उदाहरणे आमच्या तोंडावर फेकली जातात, म्हणून तीही पाहू. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात लेकवूड फेअरग्राउंड्स नावाचे जुने जत्रेचे मैदान आणि त्यावरची सार्वजनिक प्रदर्शनगृहे होती. जत्रा संपली, इमारती रोडावल्या आणि २०१०मध्ये शहराने ती जागा एका स्टुडिओ कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिली. त्याच शहरातल्या फोर्ट मॅकफर्सन या बंद झालेल्या लष्करी तळाचा मोठा भाग निर्माता-अभिनेता टायलर पेरी याने घेतला आणि २०१९मध्ये तिथे प्रचंड स्टुडिओ सुरू केला. जॉर्जिया राज्याने २००८पासून निर्मितीखर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत करसवलत दिली. तिला वार्षिक मर्यादा नाही, आणि ज्या कंपनीला राज्यात कर भरायचाच नाही ती आपली सवलत दुसऱ्या करदात्याला विकू शकते. सवलत ही विक्रीयोग्य वस्तू झाली, आणि राज्याच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनी २०२०मध्ये तिच्या लाभांचे आकडे फुगवल्याचे नोंदवले. काम आले, हे खरे. पण मार्व्हलचे जे महाचित्रपट तिथे घडत होते ते पुढे ब्रिटनकडे वळले, कारण तिथला खर्च आणि तिथली सवलत अधिक सोयीची ठरली. सवलतीने आलेला पाहुणा दुसऱ्या सवलतीने जातो.

आणि अटलांटा हे यशाचे उदाहरण आहे! अपयशाचे नाव पॉन्टिअॅक. मिशिगन राज्याने २००८मध्ये बेचाळीस टक्क्यांपर्यंत सवलत जाहीर केली. मोटारींचा धंदा कोसळलेल्या पॉन्टिअॅक गावात जनरल मोटर्सच्या रिकाम्या कार्यालय-संकुलाचा स्टुडिओ करण्यात आला आणि त्याच्या रोख्यांना सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीची हमी देण्यात आली. २०१२मध्ये स्टुडिओने हप्ता चुकवला आणि तो त्या निधीला भरावा लागला. २०१५मध्ये राज्याने सवलतीची योजनाच गुंडाळली. पेन्शनसाठी आंदोलने करणाऱ्या आमच्या प्राध्यापक बंधुभगिनींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आपल्याकडेही केंद्राने परदेशी चित्रीकरणासाठी खर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन ठेवले होते. २०२३मध्ये ते चाळीस टक्के आणि कमाल तीस कोटी रुपये झाले. राज्याराज्यांत असाच लिलाव सुरू आहे. या लिलावात जळगाव आणि धुळे जिल्ह्यांनी काय बोली लावायची? सातपुडा आपल्याकडे आहे, केळीचे हिरवे समुद्र आहेत, तापी-पूर्णेचा संगम आहे. निर्मात्याला हे हवे असेल तर तो येईल. वाईला आणि मेणवलीच्या घाटावर वर्षानुवर्षे चित्रीकरणे होत आली ती तिथल्या घाटासाठी, वाड्यासाठी, नदीसाठी. निसर्ग आणि जुन्या वास्तू शोधत आलेल्याला बंदिस्त खोके दाखवायचे, आणि त्यासाठी गावाचे सभागृह मोडायचे, हा कोणता व्यवहार?

रोजगाराचा मुद्दा आम्ही झटकून टाकत नाही. आमच्या वर्गात बसणारी मुले पुण्याला, सुरतेला जातात आणि तिकडून फोन करतात. रोजगाराची टवाळी करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण कोणता रोजगार? छायालेखक, ध्वनिलेखक, संकलक, कलादिग्दर्शक मुंबईहून येतात आणि मुंबईला परततात. गावाच्या वाट्याला पहारा, जेवणाची पातेली, गर्दीतला चेहरा आणि गाडी. शिकवण्याची सोय असेल तर चित्र बदलते. पुण्याला तसे घडले. १९३३मध्ये पुण्याला आलेला प्रभातचा स्टुडिओ बंद झाल्यावर १९६०मध्ये त्याच आवारात शासनाने फिल्म इन्स्टिट्यूट उभी केली. तिथे प्रवास उलटा होता: खाजगी स्टुडिओची सार्वजनिक शाळा झाली. असा प्रस्ताव कुणी खान्देशासाठी आणला तर आम्ही सही करणाऱ्यांत पहिले असू.

आणि खान्देशाला चित्रपट शिकवायला निघालेल्यांनी आधी शेजारच्या मालेगावला जाऊन यावे. जिल्हा नाशिक, पण बोलीने आणि बाजाराने आमचेच. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी आणि त्यांच्या मित्रांनी 'मालेगाव के शोले' केला. त्यांची गोष्ट फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८च्या माहितीपटाने जगाला सांगितली आणि अलीकडे त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. त्यांच्यापाशी स्टुडिओ नव्हता, क्रेनच्या जागी बैलगाडी होती, करसवलत हा शब्द त्यांच्या वाटेलाही गेला नव्हता. एक गोष्ट मात्र होती: गावातली व्हिडिओ पार्लरे, जिथे विणकर कामगार त्यांची सुट्टी सोडून येत, शिट्ट्या मारत आणि पैसे टाकत. म्हणजे त्यांच्या चित्रपटाचे भांडवल प्रेक्षागृह होते. आज अहिराणीतली गाणी आणि विनोदी चित्रफिती शेतात, गल्लीत, मोबाइलवर चित्रित होतात आणि लाखोंनी पाहिल्या जातात. या मंडळींना चार भिंतींची अडचण नाही. एकत्र बसून पाहण्याची, एकत्र चुकण्याची, तालीम करण्याची जागा त्यांना नाही.

तालमीचे तर बोलायलाच नको. विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव आला की महाविद्यालयांचे संघ एकांकिका बसवायला जागा शोधत फिरतात. आम्ही वाहनतळात, प्रयोगशाळेच्या गॅलरीत, एकदा तर केळीच्या वखारीत तालमी घेतल्या आहेत. राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून चालू आहे. तिच्यात उतरणाऱ्या हौशी संस्थांची कथा वेगळी नाही. वहीगायनाची मंडळे, लोकनाट्याचे फड यांना तर नाट्यगृहाने कधी नीट दार उघडलेच नव्हते. ही भूक डोळ्यांसमोर असताना 'जागेला मागणी नाही' असे लिहिणाऱ्याचा पेन कोणत्या शाईचा असेल?

जळगावात खान्देश मिलच्या जागेवर आज 'खान्देश सेंट्रल' आहे. नाव राहिले, गिरणी गेली. त्याची हळहळ करत बसण्याचे वय आमचे नाही. ती जागा खाजगी होती, तिचा मार्ग खाजगी झाला. पण नगरपालिकेचे सभागृह, शासनाचे नाट्यगृह, लोकवर्गणीतून बांधलेले टिळक किंवा गांधी भवन यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मालक आपण आहोत आणि मालकाला भाडेकरार वाचण्याचा अधिकार आहे.

डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. धनाजी नाना चौधरींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबून ते उभे केले, सानेगुरुजी त्यासाठी खेडोपाडी हिंडले, आणि गांधींच्या इच्छेवरून शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी टिळकनगर सजवले ते बांबू आणि गावातल्याच साहित्याने. कलावंत बाहेरचा होता, पण त्याने केलेली रचना जमलेल्या शेतकऱ्यांना बसवण्यासाठी होती. आमच्या गावाला सार्वजनिक जागा म्हणजे काय हे असे ठाऊक झाले. ते नगर अधिवेशन संपल्यावर उठले, उठणारच होते. पक्क्या इमारती त्यानंतर आल्या, आणि आता त्याच आमच्या डोळ्यांदेखत हातच्या जात आहेत.

तेव्हा ज्या कुठल्या गावात असा प्रस्ताव येईल तिथल्या मराठीच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आमची विनंती अगदी रुक्ष आहे. सर्वसाधारण सभेपुढे येणारा मसुदा मराठीत मागा. भाडेपट्टा किती वर्षांचा आहे आणि सवलत संपल्यावर कंपनी निघून गेली तर इमारत कोणत्या अवस्थेत परत करायची, हे त्यात लिहिले आहे का पाहा. मालमत्ता करातली सूट नगरपालिकेला कोण भरून देणार, ते विचारा. वर्षातले किमान शंभर दिवस ती जागा नाटकाला, तालमीला, सभेला, व्याख्यानाला ठरलेल्या भाड्यात मिळेल आणि निम्मे क्षेत्र प्रेक्षकांसाठी राखीव राहील, ही दोन कलमे घालायला लावा. गेल्या दहा वर्षांची तारखांची नोंदवही माहितीच्या अधिकारात मिळते. ती आधी मागवा. किती अर्ज आले आणि किती नाकारले, ते तीत असते.